पणजीच्या आसपास पॅडलबोर्ड: आधी तिथी बघा, मग पाण्यात उतरा

पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी. तिच्यावर उभं राहायला एक सकाळ पुरते. पाणी कधी कुठे चाललं आहे हे कळायला मात्र एक मोसम जातो. नव्याने शिकणारे नेमकं उलट करतात. आठवडाभर तोल सांभाळायचे व्हिडिओ बघतात आणि भरतीची वेळ न बघता मांडवीच्या काठावर येऊन उभे राहतात. म्हणून या लेखात जागांच्या आधी पाण्याबद्दल सांगतो. मग साहित्य, पहिला दिवस आणि त्यानंतर पणजीपासून सुरू होणाऱ्या वाटा, सोप्याकडून अवघडाकडे.

पहिली पायरी: भरती, सुकती आणि वारा

ओहोटीला गोव्यात सुकती म्हणतात, आणि किनाऱ्यावरच्या माणसाशी बोलताना तोच शब्द वापरा. दिवसातून दोनदा भरती, दोनदा सुकती. दोन्ही भरत्या सारख्या नसतात, एक मोठी आणि एक लहान. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा गोव्यात पाण्याची पातळी साधारण दोन मीटरनी वरखाली होते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती असते, तेव्हा हा फरक निम्म्याहूनही कमी होतो. शिकणाऱ्याने सुरुवात भांगाच्या दिवसांत करावी, कारण पाणी कमी सरकतं तसा प्रवाहही मवाळ असतो.

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईकडे भरती यापेक्षा थोडी उशिरा असते. गोवा दक्षिणेला, तिथे ती मुंबईच्या तासभर आधी येते. म्हणून गोव्यासाठी मी पाऊणपटीच्या आकड्यातून काही मिनिटं ते तासभर वजा धरतो. हा झाला अंदाज. पक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-तक्त्यात बघायचीच, तो मोबाईलवर कुठल्याही भरतीच्या ॲपमध्ये मिळतो. तरी पाऊणपटीचा हिशेब शिकून घ्या. दिनदर्शिकेकडे नजर टाकली की येत्या रविवारी खाडीत जायचं की नाही ते चहा पिता पिता ठरतं.

दुसरी गोष्ट, भरतीपासून सुकतीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी सहाही तास सारखं ओढत नाही. पहिल्या तासात हळू, शेवटच्या तासात हळू, आणि मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी निघून जातं. नवशिका बोर्डावर ताशी तीन-चार किलोमीटर जातो. खाडीच्या अरुंद तोंडाशी उधाणाच्या सुकतीला पाणीच ताशी दोन-तीन किलोमीटरने बाहेर धावतं. वजाबाकी केलीत की उरतं काय ते दिसेल: तासभर वल्हवून तुम्ही जेमतेम एक किलोमीटर पुढे आलेले असता, आणि खांदे संपलेले असतात.

वारा त्याहून सोपा आहे. शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे इथे रोज भेटतात. पहाटे जमिनीकडून मंद मतलई वाहतो आणि पाणी तेलासारखं सपाट असतं. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दुपारी तीनच्या सुमारास त्याचा जोर असतो. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत तो चांगलाच झोडपतो. बोर्डावर उभा माणूस म्हणजे शीडच. ताशी पंधरा किलोमीटरच्या पुढे वाऱ्याचा अंदाज असेल तर पहिल्या महिन्यात घरी थांबा. उजाडताना उतरायचं, साडेनऊपर्यंत बाहेर यायचं, एवढं पाळलंत तर वाऱ्याच्या निम्म्या अडचणी संपतात. मतलईची एक खोड मात्र लक्षात ठेवा. तो किनाऱ्यावरून समुद्राकडे ढकलतो, त्यामुळे सपाट पाण्यावर नकळत आत जायला होतं.

मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. जून ते सप्टेंबर समुद्र आणि नद्यांची तोंडं पूर्ण बंद समजा.

दुसरी पायरी: साहित्य

हवा भरायचा बोर्ड घ्या किंवा भाड्याने आणा. साडेदहा फूट लांब आणि बत्तीस इंच रुंद हे माप बहुतेकांना चालतं. वजन नव्वद किलोच्या वर असेल तर थोडा मोठा आणि जाड घ्यावा. हवा बोर्डावर छापलेल्या दाबापर्यंत भरा, साधारण बारा ते पंधरा पीएसआय. हाताला कडक लागला म्हणून आठवर थांबू नका. मऊ बोर्ड मधोमध वाकतो आणि तोल जातो, मग माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. भरलेला बोर्ड किनाऱ्यावर उन्हात पडू देऊ नका, आतली हवा तापून शिवण उसवते. चहाला बसायचं असेल तर तो सावलीत ओढा किंवा थोडी हवा सोडा.

वल्हं तुमच्या उंचीपेक्षा वीतभर लांब असावं. वल्ह्याचं पातं दांड्याशी किंचित कोनात वळलेलं असतं, आणि तो कोन पुढच्या दिशेला झुकलेला हवा. पहिल्या दिवशी दहातले सात जण वल्हं उलटं धरतात, कारण चमच्यासारखं पाणी ओढावं असं मनाला वाटतं.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बोर्डावर बांधून ठेवायचं नाही. पोहता येत असलं तरीही घालायचं. शिट्टी जॅकेटलाच बांधा. मोबाईल पाणबंद पिशवीत गळ्यात, आणि त्यात ११२ व तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक आधीच साठवलेले.

आता दोरीबद्दल, कारण ही गोष्ट कमी लोक सांगतात. बोर्ड आणि तुम्ही यांना जोडणारी दोरी समुद्रात घोट्याला बांधतात, ते ठीक आहे. खाडीत मात्र मासेमारीचे खुंट रोवलेले असतात, जाळी असतात, तिवरांची मुळं असतात. वाहत्या पाण्यात बोर्ड खुंटाच्या एका बाजूने आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने गेलात तर पायातली दोरी तुम्हाला पाण्याखाली धरून ठेवते आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून नदीत, खाडीत दोरी कमरेच्या पट्ट्याला हवी, एका झटक्यात सुटणाऱ्या कळीची. ती कळ किनाऱ्यावर डोळे मिटून दहा वेळा ओढून बघा.

तिसरी पायरी: पहिला दिवस, करंजाळे

मिरामारकडून दोना पावलाकडे जाताना मध्ये करंजाळ्याचा किनारा लागतो. वाळू हळूहळू उतरत जाते, कंबरभर पाणी बरंच आतपर्यंत मिळतं, आणि पहाटे लाट गुडघ्याच्याही खाली असते. राष्ट्रीय जलक्रीडा संस्था याच पट्ट्यात आहे, यावरूनच इथल्या पाण्याचा स्वभाव कळावा. पहिले दोन-तीन दिवस इथून हलू नका.

कंबरभर पाण्यात बोर्ड न्या. मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसा आणि तसेच पाच मिनिटं वल्हवा. गुडघ्यावर बसून परत किनाऱ्याला येता येणं हे उभं राहण्याइतकंच महत्त्वाचं कौशल्य आहे, वारा सुटला की तेच कामाला येतं. मग एकेक पाऊल गुडघ्याच्या जागी ठेवा आणि हळू उठा. पावलं खांद्याइतकी फाकलेली, गुडघे किंचित सैल. नजर पायांकडे गेली की पडलात. समोर दोना पावलाच्या टेकडीवरचं एखादं झाड पकडा आणि तिकडेच बघा. उठल्याबरोबर वल्हं पाण्यात घाला, कारण पाण्यातलं वल्हं म्हणजे तिसरा पाय. थांबलेला बोर्ड डळमळतो, चालता बोर्ड स्थिर होतो.

वल्हवताना जोर हातांचा लावू नका. वरचा हात मुठीवर, खालचा दांड्यावर, पातं पूर्ण बुडवा आणि कमरेतून वळा. पातं पावलांच्या मागे गेलं की ओढणं थांबवा, पुढचं ओढलेलं सगळं बोर्ड वळवण्यात वाया जातं. वळायचं असेल तर पुढून मागे मोठा अर्धगोल काढा.

आणि मुद्दाम पडा. पहिल्या दिवशी किमान दहा वेळा. पडताना बोर्डापासून लांब, पाठीवर किंवा कुशीवर, पसरट पडायचं. डोकं खाली करून कधीही नाही, कारण खाली किती पाणी आहे ते दिसत नाही. मग बोर्ड धरायचा, पाय मागे आडवे करून लाथा मारायच्या आणि मासा काठावर यावा तसं पोट घसटत वर यायचं. पाय टेकत नाहीत तिथे हे तीनदा सलग जमलं की मगच पुढच्या वाटेकडे बघा. हे सोडून कोणी पुढे गेलेलं मला आवडत नाही. पोहता येणारा माणूसही थकल्यावर बोर्डावर चढू शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मासेमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर त्या दोरांच्या मधे अजिबात जाऊ नका. जाळं बरंच आतपर्यंत अर्धगोल पसरलेलं असतं. दोन्ही टोकांना ओढणारी माणसं दिसली की मधला सगळा समुद्र त्यांचा.

चौथी पायरी: पहिली खरी वाट, बांबोळी ते शिरदोन

पणजीहून दक्षिणेला, जुवारी नदीच्या तोंडाकडे बघणारा हा किनारा. बांबोळीच्या छोट्या किनाऱ्यावरून उतरून जमीन डाव्या हाताला ठेवत शिरदोनपर्यंत जायचं, दोनेक किलोमीटर, आणि तसंच परत. किनाऱ्यापासून पन्नास पावलांच्या आत राहिलात तर कुठेही थकलात तरी बाहेर येता येतं.

इथे भरती भरत असताना किंवा भरून राहिलेली असताना जा. सुकतीला दोन्हींच्या मधले खडक उघडे पडतात आणि त्यांवर कालवं, म्हणजे धारदार शिंपले, चिकटलेली असतात. कालवाची कड ब्लेडसारखी असते, बोर्डही कापते आणि तळवाही. शिरदोनला सुकतीच्या वेळी वाळूऐवजी गाळ लागतो, त्यात गुडघाभर पाय जातो. त्या गाळात वाकून तिसऱ्या (खायचे शिंपले) वेचणाऱ्या बायका दिसल्या की समजा, तुम्ही उशिरा आलात.

पाचवी पायरी: नेरूळची खाडी

नव्या मुंबईतलं नेरूळ नव्हे, मांडवीच्या पलीकडचं, बार्देश तालुक्यातलं. पणजीहून पूल ओलांडून बेती, रेइश मागूश करत कोको बीचला पोचायचं. शेजारीच नेरूळची नदी मांडवीच्या तोंडाला मिळते. तिथून आत, नेरूळच्या पुलाकडे जाणारी ही वाट पणजीच्या परिसरातली सगळ्यात सुंदर वाट आहे, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब असा. भरतीच्या शेवटच्या तासात आत शिरायचं, म्हणजे पाणीच तुम्हाला वर नेतं. पाणी थांबलं की वळायचं. सुकतीच्या पहिल्या तासात, जोर यायच्या आत, बाहेर. दोन्ही वेळा प्रवाह तुमच्या पाठीशी. सकाळची वेळ, मतलईची शांतता आणि आठच्या सुमाराची भरती, तिन्ही एकत्र येतात ती एकादशी ते त्रयोदशी, शुक्ल पक्षात आणि कृष्ण पक्षातही. महिन्यातून पाच-सहा सकाळी. मी माझ्या सुट्ट्या त्यावर बेततो. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांची वर्दळही तेव्हा सुरू झालेली नसते.

आत शिरल्यावर उजव्या-डाव्या दोन्ही काठांना तिवरं. नदीच्या मधोमध जाऊ नका, वाट होड्यांची आहे. पण काठालाही चिकटू नका, खुंट असतात. काठापासून पाच-सहा बोर्डांचं अंतर ठेवा. पाण्यातून वर आलेल्या काठ्यांची रांग दिसली तर त्यांच्यामध्ये जाळं आहे असंच समजायचं आणि टोकाला वळसा घालायचा.

पूल दिसायला लागला की वल्हवणं थांबवा आणि गुडघ्यावर बसा. तिवरांच्या मुळांवर निवट्या उड्या मारताना दिसतील, बोटभर मासा, चिखलावर पंखांनी चालणारा. वर ब्राह्मणी घार घिरट्या घालते, खंड्या फांदीवरून सरळ पाण्यात पडतो. मग एक क्षण येतो तेव्हा पाण्यावरचं तिवराचं पिवळं पान जागच्या जागी फिरत राहतं, ना आत ना बाहेर. भरती संपली. पान बाहेरच्या दिशेला निघालं की तुम्हीही निघायचं, दहा मिनिटांतच.

मी एकदा निघालो नाही. अमावास्या होती, अकराच्या सुमारास भरती. मी आत सावलीत बोर्ड बांधून डबा खाल्ला, फोटो काढले आणि दीडला परत फिरलो. तोंडाशी येईपर्यंत मजेत आलो, कारण पाणी ओढत होतं. कोको बीचची वाळू समोर दिसत होती, मी बोर्ड वळवला, आणि वाळू बाजूने सरकत मागे गेली. सुकतीने मला मांडवीच्या पात्रात ओढलं होतं आणि तोंडावर खारा वारा. प्रवाह एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्यावर उभं राहणं अशक्य. मी पालथा पडून हातांनी वल्हवलं, तरी मांडवीच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला असलेला आग्वादचा डोंगर जवळच येत होता. होडीतून परतणाऱ्या एका मासेमाराने दोर टाकला. "सुकती लागल्या, आतां राव," (आता थांब) एवढंच कोंकणीत म्हणाला आणि मला बेतीकडच्या काठाला सोडून गेला. त्या दिवसापासून बोर्डावर मनगटी घड्याळ आणि त्यात गजर, भरतीच्या वेळेचा.

तुमच्यावर अशी वेळ आली तर थेट प्रवाहाविरुद्ध झगडू नका. पालथे पडा म्हणजे वारा लागत नाही, आणि प्रवाहाला तिरकं जात जवळचा कुठलाही काठ गाठा. उतरलो तिथेच परतायचं हा हट्ट सोडा. बोर्ड सोडून पोहायला तर कधीच लागू नका. लांबून बोर्ड दिसतो, डोकं दिसत नाही.

थोडं लांब जायचं असेल तर

शापोरा नदी शिवोलीपाशी रुंद आणि शांत आहे. पुलापासून आत, कामुर्लीच्या दिशेने जा, बाहेर नाही. तोंडाकडे ट्रॉलर आणि वाळूचे बदलते बांध आहेत, आणि मोरजीच्या टेंबावर हिवाळ्यात कासवं अंडी घालतात, तिथे वाळूवर बोर्ड ओढत नेऊ नका.

साळ नदी केळशी-असोळण्याच्या भागात नारळींच्या मधून वाहते, वाऱ्याला आडोसा चांगला. बेतूलच्या तोंडाकडे मात्र पाठ ठेवा, तिथे वाळूच्या बांधावर लाट फुटते.

पाळोळे पणजीहून सत्तरेक किलोमीटर, पण समुद्रावरची पहिली वाट तिथेच करावी. अर्धचंद्राकार खाडी, दोन्ही टोकांना खडक, बोर्ड भाड्याने मिळतात. खाडीच्या आत टोकापासून टोकापर्यंत दोन फेऱ्या. टोकाचा खडक ओलांडून पलीकडे जायला दुसरा अनुभवी माणूस सोबत हवा.

इथे जाऊ नका

पणजीसमोरची मांडवी. कॅसिनोच्या बोटी, बार्ज, बेतीची फेरीबोट, पर्यटकांच्या होड्या, सगळं एकाच पात्रात. बार्ज तुम्हाला पाहूनही थांबू शकत नाही. आग्वादचं तोंड: तिथे वाळूचा दांडा आहे आणि बाहेरची लाट त्यावर अचानक उभी राहते.

कुंभारजुव्याचा कालवा. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारं हे पाणी नकाशात बोर्डासाठीच बनवल्यासारखं दिसतं: अरुंद, वळणदार, दोन्हीकडे तिवरं. तिथे मगरी आहेत, खऱ्या, आणि सुकतीला काठाच्या चिखलात ऊन खात पडलेल्या दिसतात. जुवारीकाठच्या दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा होते, मांगें थापणी म्हणतात तिला. खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीच्या बांधांशी त्या गावाचं जे नातं, त्यातच मगरही आली. ती जागा त्यांची आहे. कालवा बघायचाच असेल तर मोठ्या होडीतून, जाणत्या माणसाबरोबर बघा. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याचंही तेच, वनखात्याच्या परवानगीने आणि होडीनेच. कुठल्याही नव्या नदीत उतरण्याआधी काठावर जाळं विणत बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारा: मगर आहे का, आणि मानस कुठे आहे. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातली लाकडी दारं. भरतीला आपोआप मिटतात, सुकतीला उघडतात, आणि तेव्हा आतलं सगळं पाणी त्या अरुंद फटीतून बाहेर फेकलं जातं. तिथून तीस-चाळीस मीटर लांब राहा.

परत आल्यावर

बोर्ड, वल्हं, दोरी आणि मुख्य म्हणजे कमरेच्या पट्ट्याची कळ गोड्या पाण्याने धुवा. कळीत मीठ आणि वाळू साचली की ती ऐनवेळी अडते. बोर्ड सावलीत पूर्ण सुकल्यावरच गुंडाळा.

आणि एक वही ठेवा. तक्त्यातली वेळ मुरगाव बंदराची असते, खाडीत आत तीच भरती उशिरा पोचते. किती उशिरा, हे प्रत्येक जागेचं वेगळं आणि ते तुम्हालाच लिहून काढावं लागतं. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "द्वादशी. तक्त्यात भरती ७.५५. नेरूळच्या पुलाजवळ पान थांबलं ८.२०. वारा नाही."